पश्चिमेचा पाऊस आणि एकपदरी पूल

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नकाशा कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला समांतर डोंगररांग, दोघांच्या मध्ये चिंचोळी पट्टी आणि डोंगरापलीकडे कोरडा मुलूख. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळं पाणी अलीकडेच ओतून मोकळे होतात. महाबळेश्वरहून वाईला उतरेपर्यंत पाऊस जसा आटतो, तसाच इथेही आटतो. फरक एवढाच, की आपला पाऊस चार महिन्यांचा आणि हा बारमाही.

आम्ही राहतो क्राइस्टचर्चला, म्हणजे पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर. डोंगरापलीकडे होकिटिकाला तोच २,८०० च्या आसपास, आणि होकिटिकाच्या मागच्या डोंगरात क्रॉप नदीच्या खोऱ्यात तर ११ हजारांच्या वर. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आहे म्हणून सहलीचा बेत रद्द करणारे पाहुणे आले, की मला त्यांची गंमत वाटते. दरडी किंवा पूर यांमुळे रस्ता बंद असेल तर प्रश्नच मिटला. पण नुसता पाऊस असेल तर जरूर निघावं.

महामार्ग ७३ कँटरबरीच्या सपाट शेतांतून सरळ डोंगराकडे जातो. पहिला घाट पोर्टर्स पास. तो आर्थर्स पासपेक्षा किंचित उंच आहे, पण नाव झालं दुसऱ्याचं. पुढे कासल हिलला पिवळट गवताच्या उतारांवर चुनखडीचे अजस्र खडक उभे आहेत. झाड असं दिसतच नाही.

आर्थर्स पास म्हणजे आर्थर डॉब्सन. हा सर्वेक्षक १८६४ मध्ये इथे पोहोचला, पण वाट काही त्याने शोधलेली नाही. माओरींना ती माहीत होतीच. तारापुही या त्यांच्या प्रमुखाने ती डॉब्सनला सांगितली. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर सोनं सापडलं आणि कँटरबरीच्या कारभाऱ्यांना घाई सुटली. सुमारे हजार मजुरांनी ऐन हिवाळ्यात कुदळ-फावड्यांनी डोंगर फोडला आणि १८६६ मध्ये घोडागाड्या पलीकडे जाऊ लागल्या. इतकं करून बहुतेक सोनं समुद्रमार्गेच गेलं, हा भाग निराळा.

खिंडीपलीकडे रस्ता एकदम कोसळतो. पूर्वी इथे सुट्या दगडांच्या उतारावरून नागमोडी वळणं होती आणि ती सारखी ढासळायची. १९९९ मध्ये त्यांच्या जागी ओटिराचा ४४० मीटर लांबीचा उंच पूल झाला. त्याच्या खालच्या अंगाला एक धबधबा सिमेंटच्या पन्हाळीतून रस्त्याच्या डोक्यावरून पलीकडे सोडला आहे. मुसळधार पावसात त्याखालून गाडी नेताना माझं लक्ष रस्त्यावर राहत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं स्टिअरिंग नवऱ्याकडे.

पुलाच्या वरच्या थांब्यावर केआ असतात. डोंगरात राहणारा हा पोपट दिसायला मळकट हिरवा, पण पंख उघडले की आतून भगवा. तो बॉनेटवर टुणटुण चालत येतो, काचेतून तुमच्याकडे बघतो आणि तुमच्यादेखत दाराच्या रबरी बीडिंगचं टोक चोचीत धरून ओढायला लागतो. हाकललं तर टपावर जातो आणि एरियलपासून सुरुवात करतो. खायला घालू नका, असे फलक जागोजागी आहेत, कारण एकदा माणसाच्या खाऊची चटक लागली की तो गाड्यांच्या, म्हणजे मरणाच्या जवळ येतो.

इथून पुढे जंगल बदलतं. झाडनेचे, शेवाळलेली खोडं, आणि डिसेंबर-जानेवारीत लाल फुलांनी पेटलेले राटा वृक्ष. नद्याही अवाढव्य, पण त्यांवरचे कितीतरी पूल एकपदरी. पुलाच्या तोंडाशी पाटी असते: ज्याच्या बाजूला लहान लाल बाण, त्याने थांबायचं. थांबलेल्याकडे बघून समोरचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, आपणही उचलायचं. तारामाकाऊ नदीवर तर २०१८ पर्यंत मोटारी आणि रेल्वे एकाच अरुंद पुलावरून जात.

होकिटिकाला मुक्काम करावा. १८६० च्या दशकात इथे शंभराच्या घरात दारूचे गुत्ते होते. आता पौनामू, म्हणजे हिरवा जेड, घडवणाऱ्यांच्या कार्यशाळा आहेत. १९९७ पासून या दगडाची मालकी कायद्याने न्गाई ताहू जमातीकडे आहे. खायला व्हाइटबेट घ्यावं: सुईएवढे मासे अंड्यात कालवून तव्यावर टाकतात आणि पांढऱ्या पावात देतात. मीठ-मिरीपलीकडे काही नाही. लिंबू मागून घ्यावं.

होकिटिका ते हास्ट सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. वाटेत फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या, समुद्रापासून इतक्या जवळ आणि चक्क पर्जन्यवनाच्या शेजारी. कारण परत तेच. पश्चिमेचा पाऊस उंचावर बर्फ होऊन पडतो. पण बर्फ झपाट्याने मागे हटतोय. फ्रान्झ जोसेफच्या तोंडाशी पूर्वी पायी जाऊन बर्फावर चढता येई, आता हेलिकॉप्टर लागतं. २०१९ च्या मार्चमधल्या पुरात तिथला वाइहो नदीवरचा पूल वाहून गेला. तीन आठवड्यांच्या आत नवा उभा केला. शिवाय हे गाव आल्पाइन भ्रंशरेषेवरच वसलंय. तिच्यावरचा शेवटचा मोठा भूकंप १७१७ च्या सुमाराचा, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तसा भूकंप होण्याची शक्यता शास्त्रज्ञ ७५ टक्के धरतात. गावात कॉफी उत्तम मिळते.

हास्टकडे जाणारा किनाऱ्यावरचा शेवटचा तुकडा १९६५ मध्ये जोडला गेला. तो जिथे जुळला ते नाइट्स पॉइंट. हे नाव सर्वेक्षकाच्या कुत्र्याचं. या पट्ट्यात मोबाइलला बहुतेक रेंज नसते आणि पेट्रोलपंप विरळ, त्यामुळे फॉक्सलाच टाकी भरावी. वाळूमाश्यांसाठी मलम जवळ ठेवावं. त्या डासांपेक्षा वाईट चावतात आणि खाज आठवडाभर पुरते.

हास्टची खिंड जेमतेम ५६० मीटर उंच, पण मकारोरा सोडून हावेआच्या तळ्याकडे वळलं की पाऊस मागे राहतो, डोंगर तपकिरी होतात आणि वायपर कोरड्या काचेवर कुरकुरायला लागतात. वानाकाविषयी मी लिहीत नाही. तिथल्या तळ्यातल्या त्या एकट्या झाडाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, आणि सुट्टीच्या दिवसांत त्याच्याजवळ गाडी लावायला जागा मिळेपर्यंत हास्टच्या वाटेवर आणखी एक धबधबा बघून झाला असता.