निवाऱ्याचं मागचं दार

धार किंवा देवाससारख्या गावात कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्याचा विषय निघाला, की बोलणं लगेच जागेवर येतं. शेड केवढी, पिंजरे किती, जनावरं किती मावतील. माझं म्हणणं असं, की निवाऱ्याची ताकद त्याच्या मागच्या दारावरून ओळखावी: आत आलेलं जनावर किती दिवसांत, कसं होऊन आणि कुणाच्या हवाली बाहेर पडलं. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. एकट्या मध्य प्रदेशात १० लाखांच्या आसपास. एवढ्या जिवांना जन्मभर पोसणं कुठल्या नगरपालिकेला झेपणारं नाही आणि कितीही दानशूर ट्रस्ट असला तरी त्यालाही नाही. शिवाय खच्चून भरलेल्या शेडमध्ये पार्व्हो हा साथीचा रोग शिरला, की पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. त्याचा विषाणू फरशीवर महिनोन्महिने टिकतो आणि रोजच्या फिनाइलला दाद देत नाही; त्याला ब्लीचच लागतं. ज्या निवाऱ्यातून कुणी बाहेर जात नाही, तिथे नवं आलेलं पिल्लू रस्त्यावरच्या धोक्यातून सुटून साथीच्या तोंडी जातं.

पावसाळ्यातलं नेहमीचं प्रकरण पाहा. कुत्र्याच्या मानेला किंवा कानामागे, जिथे त्याची जीभ पोहोचत नाही, तिथे जखम होते. माशी अंडी घालते, दिवसभरात अळ्या पडतात आणि जिवंत मांस आतून पोखरू लागतात. वासामुळे लोक हाकलतात. निवाऱ्यात आणल्यावर आधी तोंडाला पट्टी बांधतात, जखमेभोवतीचे केस कापतात, टर्पेंटाइन किंवा स्प्रे मारतात. अळ्या गुदमरून वर येतात तशा त्या चिमट्याने एकेक काढायच्या. दुसऱ्या दिवशी खोलवर राहिलेल्या पुन्हा निघतात, म्हणून पुन्हा तेच. बहुतेक जखमा काही आठवड्यांत भरून येतात. मग हे कुत्रं निवाऱ्यात का ठेवायचं? त्याच मुक्कामात त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, कानाला ओळखीची खाच द्यावी आणि जिथून उचललं त्याच गल्लीत सोडावं.

‘त्याच गल्लीत’ याला कारण आहे. देवास १९४८ पर्यंत थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन संस्थानांत वाटलेलं होतं आणि त्यांची हद्द भर गावातून जायची. कुत्र्यांच्या हद्दी याहूनही बारीक असतात, एखाद्या चौकात संपणाऱ्या. जुनी टोळी उचलून नेली, की उकिरड्यावरचं अन्न तसंच राहतं आणि शेजारची, लस न टोचलेली कुत्री ती जागा धरतात. लोक म्हणतात, ऑपरेशन केलेलं कुत्रंही चावतंच की. चावतं, हे खरं आहे. पण माजावरच्या मादीमागच्या झुंजी आणि पिल्लांपाशी कुणी गेलं की अंगावर येणारी आई, ही चावण्याची दोन मोठी कारणं नसबंदीने जातात, आणि लस टोचलेलं कुत्रं चावलं तरी रेबीजची धास्ती फार कमी राहते. गोव्यात ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी वर्षाला लाखभर कुत्र्यांपर्यंत लस पोहोचवली. २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक केसेस ९२ टक्क्यांनी उतरल्या. ‘आधी माणसांचं बघा’ म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात आणि संशयित जनावर चावलेल्यांत १५ वर्षांखालची मुलं ४० टक्के असतात. हे माणसांचंच बघणं आहे.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले. १८७४ मध्ये प्राणी-क्रौर्य रोखणारी संस्था निघाली आणि पुढे परळचं बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं. त्यानंतर आला १९६० चा प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायदा, त्याखालचे २००१ चे आणि आता २०२३ चे नसबंदी नियम. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी लस-नसबंदी करून कुत्री परत सोडण्यास मुभा दिली, आक्रमक आणि रेबीजग्रस्त वगळून. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून परत न सोडण्याचा आदेश दिला. या आदेशाने माझा मुद्दा पक्काच होतो. ज्यांना खरोखर कायमचं ठेवावं लागेल, त्यांना जागा मिळायची तर बाकीच्यांना बाहेरची वाट हवी.

आणि ती वाट सर्वांत आधी पिल्लांना हवी. दत्तक देण्याचं वय फार लवकर सरतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं. मांजराच्या पिल्लाला साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात कळला, तर ते घरचं होतं. नंतर ते फिस्कारत कोपरा धरतं. कुत्र्याच्या पिल्लाला तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत मुदत मिळते. म्हणून ही पिल्लं पिंजऱ्यात वाढवू नयेत. गावातल्या घरांतून त्यांना तात्पुरतं सांभाळावं. तिथे कुकरची शिट्टी, पोरांचा गोंगाट, पाहुण्यांची ये-जा, सगळं अंगवळणी पडतं. भाटीचं, म्हणजे मांजरीचं, तर वेगळंच निकडीचं प्रकरण आहे: पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पुन्हा विते. पिल्लांना घर मिळालं आणि आई तशीच राहिली, तर पुढच्या खेपेला तितकीच पिल्लं दारात. देशी कुत्रं घरात शोभत नाही, हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. माळव्याचा मे महिना हस्कीला सोसत नाही. इथल्या उन्हात घडलेल्या, तोकड्या केसांच्या गावठी पिल्लाला सोसतो. मात्र द्यायचं ते पारखून: घरमालकाची परवानगी, घरातल्या सगळ्यांचा होकार, नसबंदीची लेखी कबुली. दिवाळीच्या आठवड्यात तर कुणालाच देऊ नये. फटाक्यांनी बिथरलेलं नवखं जनावर दार उघडं सापडताच पळतं, आणि त्याला परतीचा रस्ता ठाऊक नसतो.

धार आणि देवास, दोन्हींकडून इंदूर जवळ आहे आणि त्याच पट्ट्यात महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा या गावांत पहिला पैसा पिंजऱ्यांवर घालू नये. तो ऑपरेशनच्या टेबलावर, लशीच्या फ्रिजवर आणि पिल्लं सांभाळायला तयार असलेल्या घरांच्या यादीवर घालावा.