पाच खिडक्यांची केबिन

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, की बिजागरीच्या खांबावर एक लहानशी धातूची पट्टी दिसते. जुना पिकअप घरी आणणारा जाणता माणूस बॉनेट उघडण्याआधी ही पट्टी घासून पुसतो. तिच्यावर '३केपीएफ' अशी सुरुवात असेल, तर गाडीची कुंडली त्या चार खुणांतच उलगडते. ३ म्हणजे सेंट लुइसचा कारखाना, केपी म्हणजे १९५२ सालची अर्ध्या टनाची गाडी आणि एफ हे सहावं अक्षर, म्हणजे जून महिना. दार गंजून कोपऱ्यातून सुटलेलं असेल, सीटच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या असतील, तरी ही पट्टी शाबूत असेल तर गाडीला स्वतःचं नाव आहे. पुढचं सगळं काम त्या नावाला धरून करायचं असतं.

ही गाडी म्हणजे शेव्हर्लेचा 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' पिकअप. जुने पिकअप दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा जो मोठा छंद अमेरिकेत आहे, त्यातल्या सर्वांत लाडक्या गाड्यांपैकी ही एक. २८ जून १९४७ रोजी ती बाजारात आली. युद्धामुळे १९४२ च्या सुरुवातीला नागरी गाड्यांचं उत्पादन थांबलं होतं. युद्ध संपलं तेव्हा शेतकरी, सुतार, नळजोडणी करणारे आणि दूधवाले दहा-दहा वर्षांच्या खटारा गाड्या ओढत होते. त्यांच्यासाठी शेव्हर्लेने नवी, रुंद केबिन काढली. एका सीटवर तिघांनी सहज बसावं, हेडलाइट मडगार्डमध्येच बसवलेले असावेत आणि बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं समोरून उघडावं, अशी तिची रचना होती. अर्ध्या टनाची ३१००, पाऊण टनाची ३६०० आणि एक टनाची ३८०० अशी भावंडं होती. १९४७ ते १९५५ या काळात अमेरिकेत ट्रकविक्रीत शेव्हर्ले पहिल्या क्रमांकावर होती.

जादा पैसे दिले तर केबिनच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळणदार काचा मिळत. दारांच्या दोन, मागची एक आणि या दोन, अशा पाच. समोरची काच या हिशेबात धरत नाहीत. आज 'फाइव्ह विंडो' म्हटलं की गाडीची किंमत वाढते ती या दोन काचांमुळे. एरवी गाडी अगदी काटकसरीची होती. मागचा लाल दिवा फक्त डावीकडे असे, उजवीकडचा वेगळा मागवावा लागे. मागचा बंपर जादा, शेजाऱ्यापुढची ऊन अडवणारी झडपही जादा. स्टार्टर पायाने दाबायचा. वायपर इंजिनच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चाले, त्यामुळे चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो मंदावे. १९४९ पासून पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे आली. आजच्या नजरेला हे धाडस वाटतं आणि पुष्कळ मालक ती टाकी काढून हौद्याखाली नेतात, ते योग्यच आहे.

बाहेरून सगळ्या सारख्या वाटल्या तरी दरवर्षी काहीतरी बदलत गेलं. १९५१ मध्ये दाराच्या काचेच्या पुढे फिरणारी छोटी त्रिकोणी काच आली. १९५२ मध्ये दाराच्या मुठीला दाबायचं बटण आलं. कोरियन युद्धामुळे क्रोमची टंचाई झाली, म्हणून त्या वर्षांतल्या समोरच्या जाळ्या कारखान्यातूनच रंगवून निघाल्या. समोरची काच १९५३ पर्यंत मधोमध जोड असलेली दुभागी होती, १९५४ मध्ये ती अखंड झाली आणि जाळीचा चेहराही बदलला. हे तपशील ज्याला ठाऊक नाहीत, तो १९५२ च्या गाडीवर चकचकीत क्रोमची जाळी लावून मोकळा होतो. ती दिसते सुंदर, पण तिचं साल पुसलं जातं.

इंजिनजवळ मात्र थांबून बघायला हवं. २१६ घनइंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडर ओळीत असलेलं, सुमारे ९० अश्वशक्तीचं हे इंजिन 'स्टोव्हबोल्ट' या टोपणनावाने ओळखलं जातं. शेव्हर्लेच्या १९२९ च्या पहिल्या सहा-सिलिंडर इंजिनातले बोल्ट घरच्या शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून हे नाव पडलं आणि पुढच्या पिढ्यांनाही चिकटलं. त्याच्या पोटातली तेलाची व्यवस्था पाहिली की जुन्या यंत्रकारांची विचारपद्धती कळते. क्रँकच्या मुख्य बेअरिंगांना तेल पंपाने जातं, पण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तसं जात नाही. प्रत्येक रॉडच्या पायाशी एक छोटी पळी असते. इंजिन सावकाश फिरत असताना ती खालच्या पन्हाळीतलं तेल उचलते आणि वेग वाढला की नळीतून उडणारी धार झेलते. बेअरिंगही आजच्यासारखं विकत आणून बसवायचं नाही. रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतून ते तयार केलेलं असतं. झीज झाली की दोन भागांमधली कागदासारखी पातळ शिम काढायची आणि जागा पुन्हा घट्ट करायची. शेतकऱ्याने गोठ्याशेजारी, गाडीखाली पाठीवर पडून करायचं काम होतं ते.

आज हे काम येणारे हात कमी उरले आहेत. व्हाइट मेटल ओतून लेथवर बरोबर मापाला आणणारे कारागीर मोजके, आणि रॉड त्यांच्याकडे पार्सलने पाठवून महिनोन्महिने वाट पाहावी लागते. म्हणून पुष्कळजण पहिल्याच दिवशी हे इंजिन काढून टाकायचं ठरवतात. ती घाई होते. पळ्या सरळ असतील, पन्हाळी स्वच्छ असतील आणि चालवणारा ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर समाधानी असेल, तर २१६ इंजिन दीर्घकाळ साथ देतं. मागच्या अ‍ॅक्सलचं ४.११ चं गुणोत्तर माल ओढण्यासाठी ठरवलेलं आहे, हायवेच्या शर्यतीसाठी नव्हे.

खरी लढाई असते ती पत्र्याशी. गंजाच्या जागा ठरलेल्या आहेत: केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, दाराच्या तळाची घडी आणि पायऱ्या. वर पुट्टी थापून रंग मारलेला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून जाणकार खिशात लोहचुंबक ठेवतो. चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. या गाड्या इतक्या प्रिय आहेत, की कोपरे, पायऱ्या, जमिनीचा पत्रा हे सगळं आज नव्याने दाबून तयार मिळतं. पण तयार पत्रा हाताशी आहे म्हणून कापायला बसणं धोक्याचं. सडका भाग कापण्याआधी केबिनच्या आत आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून तिला आधार द्यावा लागतो. तो दिला नाही तर केबिन किंचित पसरते आणि सहा महिन्यांनी दार लावायला जावं तर ते चौकटीतच बसत नाही. वेल्डिंगही सलग ओढायचं नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर सपाट पत्र्याला पापडासारखे फुगे येतात. मोठ्या सपाट भागांवर वाळूचा जोरदार मारा केला तरी तेच होतं. मग हातोडी आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, घेऊन ते फुगे बसवत राहायचं. या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि रंग चढल्यावर त्यातलं काहीही दिसत नाही.

हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची आणि मध्ये पोलादी पट्ट्या, म्हणजे सामान सरकवताना फळ्या खरवडल्या जाऊ नयेत. प्रदर्शनांतल्या गाड्यांत ओकच्या फळ्यांना आरशासारखं व्हार्निश असतं. हौद्यात मग कुणी विटा टाकत नाही.

आता बदलांविषयी. गाडी आपल्या मनासारखी घडवण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. युद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी स्वस्तातल्या जुन्या गाड्या खाली बसवल्या, छपरं कापून ठेंगणी केली, मोठी इंजिनं घातली. पिकअपही त्यात ओढले गेले. १९५५ मध्ये शेव्हर्लेने आपलं प्रसिद्ध व्ही-८ इंजिन आणलं आणि पुढे त्याचा ३५० घनइंचांचा वंशज असंख्य जुन्या बॉनेटांखाली जाऊन बसला. पुढच्या चाकांसाठी फोर्डच्या मस्टँग-२ ची सस्पेन्शनची रचना शेव्हर्लेला लावतात, तेव्हा दोन कट्टर प्रतिस्पर्धी एकाच चासीवर नांदतात. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे १९८२ नंतरच्या शेव्हर्ले एस-१० या छोट्या पिकअपची अख्खी चासी घ्यायची. जुन्या ३१०० च्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ११६ इंच आणि लांब हौद्याच्या एस-१० चं ११७.९ इंच. थोडी काटछाट केली की जुनी केबिन नव्या पायांवर उभी राहते. पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक, सगळं एका फटक्यात मिळतं.

मिळतं हे खरं, पण मग जुन्या गाडीतलं उरतं काय? केबिन, मडगार्ड आणि ती पट्टी. जिच्यावर बसून ती केबिन सत्तर वर्षं हादरली, ती चासी भंगारात गेलेली असते. हा जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. नव्या गाडीला जुना पोशाख चढवलेला आहे.

याउलट काही बदल मनापासून स्वागतार्ह आहेत. मूळ ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणं आणि सीटबेल्ट लावणं यात कुठलाही अपराध नाही. सहा व्होल्टच्या पिवळट उजेडाऐवजी बारा व्होल्टची वायरिंग करणंही समजण्यासारखं आहे. इंजिन बदलायचंच असेल तर त्याच घराण्यातलं १९५४ पासूनचं २३५ घनइंचांचं घ्यावं. त्यात सगळ्या बेअरिंगांना दाबाने तेल जातं आणि थोड्या फेरफाराने ते जुन्या जागी बसतं. १९५३ ची पहिली कॉर्व्हेट याच २३५ च्या सुधारित रूपावर धावली होती. मूळ भाग जपून ठेवले, तर पुढचा मालक हे सगळं पुन्हा उलटवू शकतो. मर्यादा कुठे आखावी, याचं उत्तर त्यातच आहे.

या गाड्यांचा एक धागा मुंबईशी जुळतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीत कारखाना उभारला. जहाजाने येणाऱ्या सुट्या भागांतून तिथे शेव्हर्ले गाड्या, ट्रक आणि बसगाड्यांची जुळणी होई. १९५४ मध्ये ते काम बंद झालं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, ती बेडफर्ड होती आणि बेडफर्डही जनरल मोटर्सचीच. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हर्लेही होत्या. आपल्याकडच्या किती मेस्त्रींच्या पहिल्या पिढीने या इंजिनांवर हात काळे केले असतील!

भारतात जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही खूण. मूळ चासीचा आग्रह धरणारा हा नियम चांगला आहे, पण तो खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींपुरताच आहे. राजेरजवाड्यांच्या मोटारी त्यात सुखाने बसतात. ज्यांनी ऊस, कापूस, सिमेंट आणि माणसं वाहिली, त्या मालवाहू गाड्या बाहेर राहतात. हा नियम त्यांच्यासाठी रुंदावला पाहिजे. तोवर कुणाच्या वाड्यामागे, साखर कारखान्याच्या आवारात किंवा बंद गॅरेजात असा एखादा जुना ट्रक उभा असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याच्या दाराचा खांब घासून बघावा आणि त्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा.