छोटी बंदूक, मोठा पक्षी: .410 बोअर पुन्हा चालली कशी?

व्हिडिओत हा विषय मी दोन मिनिटांत उरकला, म्हणून इथे नीट सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच येत नाही, आणि टर्की हा पक्षीही मूळचा तिकडचाच. आपल्याला बघायचंय ते प्रॉडक्ट.

बारा बोअर हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या 12 गोळ्या केल्या की वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा बोअर. .410 ला हा हिशेब नाही. तो सरळ नळीचा व्यास, 0.410 इंच, म्हणजे साधारण साडेदहा मिलिमीटर. बारा बोअरचा साडेअठरा! (आपल्या पोलिसांकडे .410 मस्केट असायची, जुन्या मंडळींना आकडा ओळखीचा वाटेल.)

टर्कीचा शिकारी वसंत ऋतूत झाडाला पाठ टेकून बसतो, मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतो आणि डोक्या-मानेवर नेम धरतो. लक्ष्य एवढंसं. तिथे पुरेसे छर्रे बसले नाहीत तर पक्षी जखमी होऊन झाडीत निघून जातो आणि तडफडून मरतो. .410 च्या तीन इंची काडतुसात पाच नंबरचे शिशाचे छर्रे बसायचे जेमतेम सव्वाशे. म्हणून ही 'पोरांची बंदूक' मानली जायची, आणि टर्कीसाठी तर नकोच. त्यात कुणाचं चुकत नव्हतं.

मग बदललं काय? बंदूक नाही, छर्रा बदलला. शिशाची घनता 11 च्या आसपास, टंगस्टनच्या टीएसएस छर्र्याची 18. आता गणित बघा. छर्रा किती आत घुसणार हे त्याची घनता आणि व्यास यांच्या गुणाकारावर ठरतं, वेग सारखा धरला तर. शिशाचा पाच नंबर तीन मिलिमीटरचा: 11 गुणिले 3, म्हणजे 33. टंगस्टनचा नऊ नंबर दोन मिलिमीटरचा: 18 गुणिले 2, म्हणजे 36. आकाराने लहान, पण घुसतो तेवढाच किंवा थोडा जास्तच. आणि लहान असल्यामुळे 23 ग्रॅममध्ये मावतात जवळपास 290!

गंमत म्हणजे हे आधी कंपन्यांनी केलंच नाही. हौशी शिकारी टीएसएस छर्रे विकत आणून घरीच काडतुसं भरत होते, कित्येक वर्षं. फेडरल कंपनीने तयार .410 टीएसएस काडतूस बाजारात आणलं 2018 मध्ये. मॉसबर्गकडे 1960 च्या दशकापासूनची मॉडेल 500 पंप होतीच, तिची टर्कीसाठीची.410 आवृत्ती नंतर आली. तुमचा कस्टमर तुमचा माल घरी नेऊन त्यात काय जुगाड करतो, हे तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?

पंपच का, तर ऑटोमॅटिकला पुढचं काडतूस चढवायला आधीच्या बाराचा जोर लागतो. पंपमध्ये पुढची मूठ तुम्ही हातानेच मागे-पुढे करता, त्यामुळे काडतूस हलकं की भारी याने फरक पडत नाही. शिवाय स्वस्त. बंदूक तीन किलोच्या आसपास, खांद्याला धक्का कमी. वय झालेल्या, खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हे फार मोठं आहे. बारा बोअरमध्ये छर्ऱ्यांचं वजन दोन औंसांपर्यंत, म्हणजे 57 ग्रॅम जातं. तो दणका ज्याने खाल्लाय त्यालाच विचारा.

आता खरी अडचण. बंदूक स्वस्त, पण टीएसएस काडतूस शिशाच्या कित्येक पट महाग, डब्यात फक्त पाच. त्यामुळे लोक सराव टाळतात, आणि घोळ तिथेच होतो. नळी, चोक आणि काडतूस यांची जोडी प्रत्येक बंदुकीत वेगळी वागते. म्हणून 30 आणि 40 यार्डांवर कागद लावून बार काढायचे आणि टर्कीच्या डोक्या-मानेच्या चित्रात किती छर्रे बसले ते मोजायचे. त्यात एक डबा संपतोच. शिवाय आपल्या राज्यात .410 ला परवानगी आहे का, तेही आधी बघावं लागतं. एवढं करायची तयारी नसेल, तर माझ्या मते त्या माणसाने सरळ वीस बोअर घ्यावी.