चार भाषांतलं मूल आणि ऑटिझमची तपासणी

नागपूरचा एक रेल्वे विभाग 2003 पर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेत होता आणि या रेल्वेचं मुख्यालय कोलकात्यात, गार्डन रीचला. त्यामुळे बदलीच्या निमित्तानं विदर्भातली घरं हुगळीकाठी येत राहिली. अशा घरातलं मूल आईबाबांकडून मराठी ऐकतं, कामाला येणाऱ्या मावशींकडून बांगला, कॉलनीतल्या पोरांकडून हिंदी आणि प्ले-स्कूलमध्ये इंग्रजी. अडीच वर्षांचं झालं तरी ते बोलत नसलं, की उत्तरं तयारच असतात. ‘चार भाषा कानावर पडतात, गोंधळतंय बिचारं.’ ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’

मला यातलं पहिलं उत्तर जास्त घातक वाटतं, कारण ते शहाणपणाचं वाटतं. अनेक भाषा ऐकल्यानं ऑटिझम होत नाही. ऑटिझम असलेली मुलंही दोन भाषा शिकू शकतात. तरीही ‘घरात एकच भाषा बोला’ असा सल्ला मिळतो, मराठी बंद होते आणि आजीचा फोन आला की मुलाला काहीच कळेनासं होतं. तपासणी मात्र लांबणीवरच पडते.

शब्द किती येतात, एवढ्यावर ऑटिझम ठरत नाही. नदीवरून जहाज भोंगा वाजवत गेलं, तर दीड वर्षाचं मूल सहसा तिकडे बोट करतं आणि लगेच वळून आईचा चेहरा बघतं, तिनंही पाहिलं ना म्हणून. हे बोट आणि हे वळून बघणं कोणत्याच भाषेचं नसतं. ते दिसत नसेल, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, हवी ती वस्तू मागण्याऐवजी आपला हात धरून तिच्यापर्यंत ओढत नेत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

सुरुवात बहुधा कानाच्या तपासणीनं होते, कारण ऐकू येत नसलेलं मूलही हाकेला वळत नाही. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 20 प्रश्नांची एम-चॅट नावाची प्रश्नावली वापरतात. पण ती फक्त चाळणी आहे, तिच्यावरून निदान होत नाही. रक्ताच्या तपासणीतून किंवा एमआरआयमधून ऑटिझम कळत नाही. ते कळतं मुलाला बघून आणि घरच्यांचं ऐकून.

बघण्याची खोली साधी असते. चटई, थोडी खेळणी, साबणाचे फुगे. तपासणारी दिदी फुगे उडवते आणि मधेच थांबते. आता मूल काय करतं? तिच्याकडे बघून आणखी मागतं, तिचा हात बाटलीवर नेऊन ठेवतं, की फुटलेल्या फुग्याचा ओला डाग निरखत बसतं? आईला वाटतं परीक्षा चालली आहे, आणि ती मागून सांगू लागते, ‘बाळा, दिदीला दे म्हण ना!’ तसं सांगू नये. मूल आपणहून काय करतं, तेच तर बघायचं असतं. एकाच भेटीत सगळं उरकेल असंही नाही, दोन-तीन खेपा धराव्यात.

ऐकण्याचा भाग निम्मा, आणि इथंच मराठी घराची अडचण होते. कोलकात्यातल्या शाळकरी मुलांचा ऑटिझमविषयीचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 11,849 मुलांचा समावेश होता. अशा कामासाठी परदेशी प्रश्नावल्या आधी बांगला आणि हिंदीत आणाव्या लागल्या होत्या. मराठी आईला मात्र आपलं म्हणणं हिंदीत किंवा इंग्रजीत मांडावं लागतं, आणि घाईत ती ‘हां, बोलता है’ म्हणून मोकळी होते. त्यापेक्षा मुलाला येणारे मराठी शब्द, मूल ते कशासाठी वापरतं, नुसतं ऐकलेलंच परत म्हणतं का, हे आधी मराठीतच लिहून काढावं. घरातले दोन-चार व्हिडिओ जवळ ठेवावेत. मुलाला मराठीतूनच सूचना कळत असतील तर तसं स्पष्ट सांगावं, नाहीतर न कळलेली बांगला सूचना ‘ऐकत नाही’ म्हणून लिहिली जाऊ शकते.

भारतात आयएसएए नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 बाबी असतात आणि प्रत्येकीला 1 ते 5 गुण. एकूण 70 पेक्षा कमी आले तर ऑटिझम नाही, 106 पर्यंत सौम्य, 153 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. हा आकडा मुलाच्या हुशारीचा नसतो, आणि तो पुढं बदलूही शकतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्याखालचं प्रमाणपत्र देशभर चालतं, त्यामुळे गार्डन रीचहून बिलासपूरला किंवा नागपूरला बदली झाली तरी ते पुन्हा काढावं लागत नाही. सविस्तर अहवालाची प्रत मात्र स्वतःकडे ठेवावी, नव्या गावातल्या थेरपिस्टला ती लागतेच. मोठ्या रुग्णालयांत नंबर लागायला वेळ जातो. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी निदानाच्या कागदाची वाट बघायची गरज नसते. मूल बोट दाखवत नाही एवढं दिसलं तरी त्यावर काम सुरू करता येतं, आणि ते मराठीतूनच करता येतं.