दर्या, दऱ्या आणि एक टेक्स्ट फाइल

मे महिन्यात नागपूरच्या प्रताप नगरात दुपारी दोन ते पाच या वेळात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घराघरांतून कूलर घोंघावत असतात आणि शहाणी माणसं झोपलेली असतात. गेले दोन उन्हाळे मी या वेळात साध्या टेक्स्ट फाइलींची ई-पुस्तकं करतोय. परवा शेजारच्या काकू डोकावल्या. ‘‘काय करून राहिले जी तुम्ही दिवसभर त्या कम्प्युटरवर?’’ मी म्हटलं, ‘‘एकच प्याला.’’ त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर नाटकाचा, गडकऱ्यांचा आणि सावनेरचा सगळा खुलासा करावा लागला.

सावनेर इथून गाडीनं तासाभराच्या वाटेवर आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला तिथे वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं, हा आपला कायदा. त्या हिशेबानं गडकरी केव्हाच मोकळे झालेत. पण ‘एकच प्याला’तली पदं त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. गुर्जर वारले १९६२ मध्ये. म्हणजे एकाच नाटकातला गद्य भाग कित्येक दशकं मोकळा, आणि गाणी मात्र १ जानेवारी २०२३ पर्यंत बांधलेली. ई-पुस्तक करायला बसणाऱ्यानं हे आधी पाहावं, टॅग नंतर.

आता टेक्स्ट फाइल. तिच्यात अक्षरं, मोकळी जागा आणि ओळ संपल्याची खूण एवढंच असतं. शीर्षक कुठलं, संवाद कुठला, कंसातली नाट्यसूचना कुठली, हे तिला ठाऊक नसतं. छापलेलं पान पाहताना आपला डोळा हे आकारावरून आणि जागेवरून ओळखतो. ई-पुस्तकासाठी तिचं एचटीएमएल करणं म्हणजे डोळ्यानं ओळखलेलं प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी, म्हणजे टॅग, लावून लिहून ठेवणं: हा परिच्छेद, हे अंकाचं नाव, ही पदाची ओळ. वाचनयंत्र या चिठ्ठ्या वाचून मजकूर पडद्याच्या मापाने मांडतं. वाचकानं अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं मोडतात. पीडीएफमध्ये त्या मोडत नाहीत, म्हणून मोबाइलवर पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं.

पहिलं भांडण ओळींशी. जुन्या फाइलींत टंकणाऱ्यानं साधारण सत्तर अक्षरांवर एंटर मारलेला असतो. ते एंटर तसेच ठेवले तर मोबाइलवर एक लांब ओळ, एक तुटकी, असा दात पडलेला मजकूर दिसतो. सगळे काढले तर पुस्तकाचा एकच परिच्छेद होतो. त्यावरची युक्ती जुनी आहे. आधी दोन लागोपाठ एंटरच्या जागी एक खूण टाकायची, मग उरलेल्या एकेकट्या एंटरच्या जागी मोकळी जागा, आणि शेवटी त्या खुणेचे परिच्छेद करायचे. खूण मात्र मजकुरात कुठेच नसलेली हवी. मी पहिल्या वेळी तीन फुल्या घेतल्या. मूळ टंकणाऱ्यानं प्रवेश संपल्याची खूण म्हणून त्याच वापरल्या होत्या.

हे काम करणारी अवजारं फुकट मिळतात. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं कॅलिबर हे त्यातलं सर्वांत ओळखीचं. ते ओळींच्या लांबीवरून अंदाज बांधतं: नेहमीपेक्षा ओळ आखूड, म्हणजे इथे परिच्छेद संपला असणार. कादंबरीत हे बऱ्यापैकी जमतं. नाटकात एक पात्र ‘हो’ म्हणतं आणि दुसरं अर्धं पान बोलतं, तिथे बिचाऱ्या यंत्रानं काय करावं? शब्द तोडणाऱ्या जोडरेघांचंही तसंच. स्कॅनवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी ‘लाल-’ आणि पुढच्या ओळीवर ‘पिवळा’ असेल, तर ती रेघ लेखकाची की जागा संपली म्हणून आलेली, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्याची सुरुवात ज्या उद्योगातून झाली त्यात देवनागरीला जागाच नव्हती. मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ ला इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकला आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू झालं. त्यांचा आग्रह साध्या टेक्स्टचा, कारण ते कुठल्याही यंत्रावर उघडतं. पण त्या साध्या टेक्स्टच्या संकेतात एकूण १२८ घरं. त्यात इंग्रजी मावली की संपलं. मराठीनं पुढे प्रत्येक कंपनीच्या फाँटगणिक वेगळा संसार थाटला. त्या काळातली फाइल आज उघडली तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. ती युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी उचलून अक्षराच्या मागे न्यावी लागते आणि रफार पुढे आणावा लागतो, कारण जुने फाँट दिसेल तसं साठवत, युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतं. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. वाचनयंत्रानं ते सुटेसुटे वाचले की एका ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हं उमटतात. त्यावर उपाय एका ओळीचा आहे: फाइलीच्या माथ्यावर संकेताचं नाव लिहायचं.

मला खरा फटका बसला तो न दिसणाऱ्या चिन्हानं. ‘दऱ्या’ लिहायच्या दोन रीती आहेत. एक नुक्त्याच्या ‘ऱ’ची, दुसरी साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, अशी. माझी फाइल दुसऱ्या रीतीची होती. स्कॅनमधला केरकचरा काढायला मी एक छोटी आज्ञावली लिहिली: अदृश्य चिन्हं सगळी पुसून टाक. तिनं इमानेइतबारे पुसली. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला, आणि स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यांचे आचार्य. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रानं एकही चूक दाखवली नाही. दोन्ही शब्द बरोबरच की!

ठळक-तिरप्याचंही असंच परकं लफडं. जोर दिलेला शब्द वाचनयंत्र आपसूक तिरपा करतं. देवनागरी तिरपी केली की शिरोरेषेसकट कलंडल्यासारखी दिसते. मी सजावटीच्या फाइलीत सांगून तो शब्द ठळक करतो. आणि भाषा मराठी आहे हेही टॅगमध्ये नोंदवतो. ज्या फाँटमध्ये सोय आहे, तिथे मग ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण मला बरं वाटतं.

बांधणी त्यामानानं सोपी. २००७ मध्ये ठरलेला ईपब म्हणजे एचटीएमएलच्या फाइली, अनुक्रमणिका आणि सजावट यांचं झिप केलेलं गाठोडं. एक अट विचित्र आहे: गाठोड्यात पहिली फाइल स्वतःची ओळख सांगणारी हवी आणि ती न दाबता ठेवलेली हवी. शिवाय उघडलेला प्रत्येक टॅग बंद केलेला हवा. ब्राउझर दुर्लक्ष करतो. कडक वाचनयंत्र अख्खा अंक गिळतं.

पूर्वी खिळे जुळवणाऱ्याच्या मागे मुद्रितशोधक बसायचा. मराठी विकिस्रोतावर आजही पान एकानं तपासलं की पिवळं होतं, आणि दुसऱ्यानं तपासल्यावरच हिरवं. माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. फाइल काकूंच्या मोबाइलवर टाकून दिली. त्यांनी अक्षर भलंमोठं केलं आणि चष्मा काढून ठेवला.

चौथ्या दिवशी कुंपणावरून हाक आली. ‘‘हे पाहा जी. ही सिंधू इथं गाऊन राहिली की बोलून राहिली?’’

पदाची एक ओळ सिंधूच्या संवादाला चिकटली होती. मी कूलर लावला आणि तिसरा अंक पुन्हा उघडला.