पीपीएफ कुणाकडून लावून घ्याल?

नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीची पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म?" माझ्या मते त्याआधी विचारा, लावणार कोण? उत्तम फिल्मही कच्च्या हातात वाया जाते.

दुकानात गेलात की आठवड्यापूर्वी फिल्म लावलेली नको, त्यांनीच फिल्म लावून वर्ष-दोन वर्षं झालेली गाडी दाखवायला सांगा. बॉनेटच्या कडा, दाराच्या हँडलमागचा भाग आणि बंपरचे कोपरे उन्हात नीट बघा. कडा सुटून त्यात काळी धूळ बसली असेल, तर तिथे बहुधा फिल्म पुरेशी आत वळवलेली नाही. कटिंग कसं करतात हेही विचाराच. प्लॉटरवर, म्हणजे कटिंग मशीनवर, आधी कापलेली फिल्म असेल तर ब्लेड रंगाजवळ जवळपास येतच नाही. हाताने कापण्यात कडा छान झाकता येतात, पण ब्लेड जरा दाबलं गेलं की कायमची रेघ. ते काम मुरलेल्या कारागिराचंच.

फिल्म टीपीयूचीच (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) घ्या. पीव्हीसी स्वस्त असते, पण लवकर पिवळी पडते आणि कडक होते. रोल तुमच्यासमोर उघडायला लावा, त्यावरचा नंबर वॉरंटी कार्डावर लिहून घ्या.

एखादा पॅनल पुन्हा रंगवलेला असेल तर आधीच सांगा. फिल्म काढताना तो रंग निघू शकतो. चांगला माणूस हे स्वतःहून विचारतो. संपूर्ण गाडी एका दिवसात देतो म्हणणाऱ्याकडे मी तरी गाडी देणार नाही.