‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच लिहू नका

ताई, वैशाखातलं ऊन मी म्हणतंय. तुम्हाला सातवा लागलाय आणि कारभारी गलाईच्या कामावर दूर मुलखात. खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी घरांतलं हे चित्र. फोन येतो, पण शेजारी सासूबाई, दीर बसलेले. मग ‘मी बरी आहे’ यापलीकडं बोलणं जात नाही. म्हणून दुपारी सावलीत बसा आणि पत्र लिहा. मात्र त्यात ‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच लिहू नका.

खरं ते लिहा. हंडा आणताना डोळ्यांपुढं अंधारी येते, लघवी कमी आणि गडद पिवळी होते, पायात गोळे येतात, हे लपवू नका. गरोदरपणी अंगाला उष्मा जास्तच होतो. त्यात पाणी कमी पडलं तर पोट अवेळी आवळू लागतं, कळाही लवकर सुरू होऊ शकतात. तहान नसली तरी घोट घोट पाणी, ताक घेत राहा. लांबचं पाणी आता दुसऱ्या कुणी आणावं, हे कारभाऱ्यांनी आपल्या आईला सांगितलं की घरात सहज मानलं जातं.

आता मुख्य गोष्ट. अडचणीच्या रात्री ‘त्याला विचारल्याशिवाय कसं न्यायचं?’ म्हणत घरची माणसं थांबतात आणि मोलाचा वेळ जातो. म्हणून त्यांच्याकडून आधीच लिहून मागा: दवाखाना कोणता, सोबत कोण, पैसे कुणाजवळ. बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं फार दुखून धूसर दिसू लागलं, तोंडावर सूज आली, तर माझ्या फोनची वाट न बघता १०८ ला फोन करून निघा, हेही त्यांनी लिहावं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत होतं. ही योजना २०११ सालापासूनची आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथं गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. ती चुकवू नका आणि डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा.

शेवटी चार ओळी मनातल्या लिहा. बाळानं पहिल्यांदा लाथ मारली तेव्हा तुम्ही काय करत होता, हे त्यांना दुसरं कोण सांगणार?

आणि उत्तर दोन कागदांवर मागा. एक घरात सगळ्यांना वाचून दाखवायचा आणि तपासणीच्या कार्डात जपून ठेवायचा. दुसरा फक्त तुमचा.